बेल्ट स्लिप मारतोय? आवळायच्या आधी एवढं बघा

सोयाबीनची सुगी सुरू झाली की लातूर-नांदेडपासून हिंगोली-परभणीपर्यंत शिवारात हडंब्यांचा, म्हणजे मळणी यंत्रांचा आवाज थांबत नाही. वर आभाळ भरून आलेलं असतं, मजूर खोळंबलेले असतात आणि नेमका तेव्हाच बेल्ट किंचाळायला लागतो. सगळ्यांचा पहिला हात जातो तो टेन्शनच्या बोल्टवर. बेल्ट आवळला जातो, आवाज थांबतो, मळणी पुढं चालू होते. मग आठ-पंधरा दिवसांत बेअरिंग गरम व्हायला लागतं, त्याचे गोळे खडखडतात आणि शेवटी शाफ्ट काढून लेथवर न्यावा लागतो. बेल्टचं दुखणं बेअरिंगवर गेलेलं असतं. खर्च दुप्पट आणि दिवस सुगीचे.

गिरणी असो, कडबाकुट्टी असो, उदगीरची डाळ मिल असो की सेलू-मानवतकडचं जिनिंग, या सगळ्या यंत्रांत घर्षण दोन ठिकाणी असतं. बेल्ट आणि पुली यांच्यामध्ये ते भरपूर लागतं, कारण ताकद त्याच्याच जोरावर पुढं जाते. बेअरिंगमध्ये ते जितकं कमी तितकं चांगलं. दुरुस्ती करताना कोणतं घर्षण वाढवायचंय आणि कोणतं घटवायचंय, हे आधी ठरवलं तर निम्मे घोटाळे होतच नाहीत. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. गिरणी चालवणारे, स्वतःचं मळणी यंत्र असणारे आणि आयटीआय करून नुकतेच वर्कशॉपला लागलेले, या तिघांनाही तो वापरता येईल.

आधी वीज तोडा

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. ट्रॅक्टरवरचं यंत्र असेल तर इंजिन बंद करून चावी आपल्याजवळ घ्या. लाईट गेलीय म्हणून बेल्टमध्ये हात घालणं फार धोक्याचं आहे, कारण आपल्याकडं लाईट कधी येईल ते सांगता येत नाही, आणि ऑटो स्विच बसवलेला असेल तर मोटार आपोआप सुरू होते.

ट्रॅक्टरच्या पीटीओचा, म्हणजे यंत्राला ताकद देणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टचा वेग मिनिटाला साधारण ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. ४० मिलिमीटर जाडीच्या शाफ्टभोवती एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं. म्हणजे सेकंदाला मीटरभर पदर, उपरणं किंवा ओढणी आत जाते. माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. बेल्टवरची जाळी आणि शाफ्टवरचं कव्हर काढून ठेवलेलं यंत्र खळ्यावर आलं, तर ते कव्हर बसवल्याशिवाय कामाला लावू नका. मळणीवर काम करणाऱ्या बायकांना पदर खोचून वर सदरा घालायला सांगा. हे सांगायला संकोच करू नका.

पकड येते कुठून?

विहिरीत मोटार सोडताना आपण काय करतो ते आठवा. पाइपासकट शंभर किलोचं धूड दोराला बांधलेलं असतं. तो दोर सरळ हातात धरून कुणी मोटार सोडत नाही. काठावरच्या खांबाला किंवा झाडाच्या बुंध्याला दोराचे वेढे देतात आणि एकटा माणूस दोर सैल करत सावकाश मोटार खाली सोडतो. दोर आणि लाकूड यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका वेढ्यात शंभर किलोचा भार पंधरा किलोंच्या ओढीवर तोलला जातो. दोन वेढ्यांत तोच भार सव्वादोन-अडीच किलोंवर येतो. वेढा एकानं वाढला की पकड दुप्पट होत नाही, साडेसहा पटीनं वाढते. या हिशोबाला ऑयलर आणि आयटेलवाइन या दोघांचं नाव आहे. यातलं ऑयलर म्हणजे अठराव्या शतकातला तोच मोठा गणिती. यात खांबाची जाडी कुठंच येत नाही. दोर किती अंशातून गुंडाळला आहे आणि दोन पृष्ठभागांत घर्षण किती आहे, एवढ्याच दोन गोष्टी मोजल्या जातात.

बेल्टचंही तसंच आहे. पुलीवर बेल्टचा पूर्ण वेढा पडत नाही, जेमतेम अर्धा पडतो. बेल्टची एक बाजू ताणलेली असते आणि दुसरी सैल. या दोन ताणांतला फरक म्हणजेच पुलीला मिळणारी ओढ. सपाट पट्टा १८० अंशांत बसला असेल, तर ताठ बाजूचा ताण सैल बाजूच्या अडीचपट होईपर्यंत तो सटकत नाही. तोच पट्टा लहान पुलीवर फक्त १२० अंश टेकत असेल, तर हे प्रमाण पावणेदोन-दोन पटींवर येतं. ताण तेवढाच आणि बेल्ट तोच, तरी पकड बरीच घटलेली असते.

व्ही-बेल्टमध्ये आणखी एक गोष्ट घडते. त्याच्या दोन तिरक्या बाजू खाचेत पाचरीसारख्या रुततात. खाचेचा कोन साधारण ३४ ते ३८ अंशांचा असतो. त्यामुळं बाजूंवरचा दाब वाढतो आणि सपाट पट्ट्याच्या तुलनेत पकड तिप्पट घर्षण असल्यासारखी मिळते. कागदावर १८० अंशांत ताणांचं प्रमाण वीसपटींच्या पुढं जातं. प्रत्यक्ष हिशोबात मात्र ते पाचपट धरतात, म्हणजे धूळ, झीज आणि धक्के यांना जागा राहते. पण ही सगळी पकड बाजूंची आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. व्ही-बेल्टचा तळ पुलीला टेकायला लागला, की पाचर संपते आणि त्याचा साधा सपाट पट्टा होतो.

रुंद पट्टा जास्त पकडतो अशी एक समजूत आहे. गियोम आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६९९ मध्येच मांडलं होतं, की घर्षण दाबावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. रबराच्या बाबतीत हा नियम थोडा इकडंतिकडं होतो, पण ढोबळ मानानं तो खराच आहे. रुंद बेल्टला जास्त ताण सोसतो, म्हणून तो जास्त ताकद नेतो. नुसत्या रुंदीनं पकड वाढत नाही.

डोळे, हात आणि कान

जाळी काढली, की कशालाही पाना लावण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा.

बेल्टखाली काळी भुकटी साचली असेल तर बेल्टचं रबर घासून जातंय. बहुतेक वेळा पुल्या एका ओळीत नसतात किंवा खाचेची बाजू खडबडीत झालेली असते. बेल्टच्या बाजू काचेसारख्या चमकत असतील आणि कडक लागत असतील, तर तो बराच काळ सटकत होता. तापून त्याचा पृष्ठभाग भाजला गेलाय. असा बेल्ट कितीही आवळला तरी पहिल्यासारखी पकड देत नाही, तो बदलावाच लागतो. तळाकडून आडव्या भेगा पडल्या असतील तर पुली फार लहान आहे किंवा बेल्ट उष्णतेनं म्हातारा झालाय. एकाच जागी बेल्ट तुटल्यासारखा किंवा उलटा होत असेल, तर बसवताना कुणीतरी टॉमी (लोखंडी दांडा) घालून तो पुलीवर चढवलाय आणि आतला दोरा तुटलाय.

यंत्र अर्धा तास चालवून थांबवल्यावर, वीज तोडून, पुलीला हात लावा. पुली शाफ्टपेक्षा जास्त गरम असेल तर बेल्ट सटकतोय. शाफ्ट आणि बेअरिंगचं घर जास्त गरम असेल तर दोष बेअरिंगमध्ये किंवा जादा आवळण्यात आहे. एवढ्या एका तपासणीनं कुठं बघायचं ते कळतं, आणि तरीही ती फारसं कुणी करत नाही.

आवाजाचं म्हणाल, तर सुरू करताना क्षणभर आलेली किंचाळी गंभीर नसते. मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा दुप्पट-अडीचपट जोर लावते, त्याचा तो आवाज. दोन-तीन सेकंदांत तो थांबला पाहिजे. भार आल्यावर पुन्हा किंचाळी सुरू होत असेल तर पुढची पायरी बघा.

पुलीची खाच

लोक बेल्ट बदलतात आणि पुली तशीच ठेवतात. जुन्या पुलीत नवा बेल्ट महिनाभरात जुना होतो, आणि मग दोष बेल्टच्या कंपनीला दिला जातो.

नवीन बेल्टचा एक तुकडा खाचेत बसवून बघा. बेल्टची पाठ पुलीच्या कडेच्या जवळपास बरोबरीला यायला हवी. ती बरीच खाली गेली असेल तर खाच झिजलेली आहे. खाचेच्या तळाला बोट फिरवा. तळ चकाकत असेल तर बेल्ट तिथं टेकतोय, पाचर संपलीय. मग खाचेच्या भिंतीवर लोखंडी पट्टीची सरळ कड टेकवा. भिंत मधोमध पोखरून पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळ झाली असेल तर पुली बदला. पोखरलेल्या भिंतीवर बेल्टचा एखादाच भाग टेकतो, तोच तापतो आणि तोच झिजतो. लेथवर खाच पुन्हा कापून घेता येते, पण कोन बरोबर आला पाहिजे आणि व्यास कमी झाल्यामुळं यंत्राचा वेग बदलतो, हे धरून चाला. शक्य असेल तर नवीन बीडाची (ओतीव लोखंडाची) पुलीच घ्यावी, असं माझं मत आहे.

बेल्टचा आकार खाचेशी जुळतोय ना, हेही बघा. ए बेल्ट वरून १३ मिलिमीटर रुंद आणि ८ जाड, बी १७ रुंद आणि ११ जाड, सी २२ रुंद आणि १४ जाड. दुकानात बी संपला म्हणून बी खाचेत ए बेल्ट घालून चालवणारे पुष्कळ आहेत. तो थेट तळाला जाऊन बसतो. बेल्टवर बी-६८ असं लिहिलेलं असतं, त्यातलं अक्षर जाडीचं आणि आकडा आतल्या लांबीचा, इंचात.

लहान पुलीचा हिशोब

हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण गावोगाव हीच चूक दिसते. यंत्राचा वेग कमी करायचा असला, की मोटारीवर लहान पुली बसवतात. वेग कमी होतो, पण बेल्टवरची ओढ वाढते.

दहा हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची मोटार घ्या. तिच्यावर ५ इंची पुली असेल तर बेल्ट सेकंदाला सुमारे साडेनऊ मीटर धावतो. दहा हॉर्सपॉवर न्यायला त्याला साधारण ७९ किलोंची ओढ द्यावी लागते. त्याच मोटारीवर ३ इंची पुली लावली, तर बेल्टचा वेग पावणेसहा मीटरच्या आसपास येतो आणि तेवढ्याच ताकदीसाठी ओढ १३० किलोंच्या वर जाते. बेल्टवरचा, शाफ्टवरचा आणि बेअरिंगवरचा ताण त्याच प्रमाणात वाढला. वर पुली लहान म्हणून बेल्ट जास्त वाकतो, आतून तापतो आणि त्याचं टेकणंही कमी होतं.

ए बेल्टसाठी किमान ७५ मिलिमीटर, बीसाठी १२५ आणि सीसाठी २०० मिलिमीटर व्यासाची पुली हवी, हा ढोबळ नियम धरा. वेग कमी हवा असेल तर मोटारीची पुली लहान करण्यापेक्षा यंत्राची पुली मोठी करा. ५ इंचाची मोटारीची पुली आणि १२ इंचाची यंत्राची पुली असेल तर १४४० गुणिले ५ भागिले १२, म्हणजे ६०० फेरे मिळतात.

लहान पुलीवर बेल्ट किती अंश टेकतो, हेही असंच काढता येतं. दोन व्यासांतला फरक घ्या, त्याला ६० नं गुणा, दोन शाफ्टांच्या मध्यांतल्या अंतरानं भागा आणि उत्तर १८० मधून वजा करा. पुल्या २० आणि ५ इंचांच्या, अंतर ३० इंच, तर १८० वजा ३०, म्हणजे १५० अंश. उत्तर १२० च्या खाली गेलं, तर मोटार थोडी लांब सरकवा आणि त्या मापाचा लांब बेल्ट घाला. एवढ्यानंच पुष्कळदा स्लिप मारणं थांबतं, बेल्ट जादा आवळावा लागत नाही.

सुतळीनं ओळ लावणं

एक ताणलेली सुतळी दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या तोंडांवरून धरा. ती एका पुलीच्या दोन्ही कडांना आणि दुसऱ्या पुलीच्या दोन्ही कडांना, अशी चार ठिकाणी टेकली पाहिजे. एका ठिकाणी जरी उजेड दिसला तर ओळ चुकलीय. दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असेल तर तेवढा फरक धरून मोजा. व्ही-बेल्टला अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो, म्हणजे मीटरभर अंतरात साधारण नऊ मिलिमीटर. त्यापेक्षा जास्त असेल तर बेल्ट खाचेत शिरताना एका भिंतीला घासतो आणि ताकद न देता रबर जाळतो.

शाफ्ट समांतर आहेत का, हे तपासायला दोन्ही शाफ्टांमधलं अंतर पुलीच्या अलीकडं आणि पलीकडं मोजा. मातीच्या जमिनीवर चार वीट लावून उभी केलेली मोटार आवळल्यावर हमखास तिरकी होते, कारण बेल्ट तिला एका बाजूनं ओढतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळं तिच्यावर केलेला पाया वर्षातून दोनदा तपासावा लागतो. मोटार रेलवर असेल तर चारही बोल्ट थोडे-थोडे, आळीपाळीनं आवळा.

गिरणीवर अजून सपाट पट्टा असेल, तर पुलीच्या मधोमध हलका फुगवटा असतो. सपाट पट्टा पुलीवर नेहमी जास्त व्यासाच्या बाजूला चढतो, आणि म्हणूनच तो मध्यावर राहतो. फुगवटा घासून सपाट झाला की पट्टा निसटायला लागतो. सपाट पट्ट्याची सैल बाजू वर ठेवा. ती आपल्याच वजनानं खाली झुकते आणि पुलीवर टेकण्याचा कोन वाढतो.

ताण किती?

बेल्ट बसवताना टॉमी किंवा पहार घालू नका. मोटारीचे बोल्ट ढिले करा, ती पुढं सरकवा, बेल्ट हातानं खाचेत घाला, मग मोटार मागं ओढा. दोन-तीन बेल्ट एकत्र असतील तर एक बदलून चालत नाही. जुने बेल्ट ताणून लांबलेले असतात, नवा तेवढा लांबलेला नसतो. मग सगळा भार नव्यावरच येतो आणि तोच आधी तुटतो. सगळे एकदम बदला, एकाच कंपनीचे आणि एकाच नंबरचे घ्या.

ताण मोजायला मसाला तोलायचा साधा स्प्रिंगचा काटा पुरतो. दोन पुल्यांमधल्या बेल्टच्या मोकळ्या भागाची लांबी मोजा. दर मीटरला १६ मिलिमीटर, या हिशोबानं किती दाबायचं ते काढा. मोकळा भाग ६० सेंटिमीटरचा असेल तर साधारण १० मिलिमीटर. आता बेल्टच्या बरोबर मध्यावर काटा अडकवून बेल्टला काटकोनात ओढा आणि बेल्ट १० मिलिमीटर हलेपर्यंत किती किलो लागतात ते वाचा. नेहमीच्या आकाराच्या पुल्यांवर ए बेल्टला एक ते दीड किलो, बीला दोन ते तीन, सीला चार ते सहा किलो लागले की ताण ठीक. नवा बेल्ट सुरुवातीला सव्वा ते दीडपट ताणून बसवा, कारण तो लगेच सैल होतो. पहिला अर्धा तास चालवून एकदा बघा आणि दिवस-दोन दिवस काम झालं की परत मोजा. त्यानंतर बरेच दिवस त्याच्याकडं बघावं लागत नाही.

बोटानं दाबून अंदाज घेणारे अनुभवी मिस्त्री बरोबर असतात, पण त्यांचा हात आणि तुमचा हात सारखा नसतो. काटा दोन्ही हातांना सारखाच आकडा दाखवतो.

जास्त आवळल्यानं नेमकं काय बिघडतं, ते आकड्यात असं: बॉल बेअरिंगचं आयुष्य त्याच्यावरच्या भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतं. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्यावर. भार दुप्पट झाला तर आठवा हिस्सा. बेल्ट किंचाळतो म्हणून दिलेला एक जादा वेढा पान्याचा, पण त्यानं बेअरिंगचा अर्धा जीव जातो.

काय लावू नये

राळ, डांबर किंवा बाटलीतला चिकट बेल्ट वॅक्स व्ही-बेल्टला लावू नका. दोन-चार तास पकड वाढल्यासारखी वाटते. मग त्यावर सोयाबीनचा भुसा, पीठ, काळ्या मातीची धूळ बसते, त्याची पेस्ट होते आणि ती बेल्टला सँडपेपरसारखी घासते. तेल आणि डिझेल तर रबराला फुगवतं. इंजिनच्या ऑइल सीलमधून थेंबथेंब गळत असेल, तर आधी ते सील बदला. नुसता बेल्ट बदलून तो थेंब थांबणार नाही. तेल लागलेला बेल्ट पेट्रोलनं पुसू नका. बेल्ट काढा, साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत कोरडा करा. पुली मात्र कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा, खाचेतली भुकटी ब्रशनं काढा.

बेअरिंगकडं

आता दुसरं घर्षण. चांगल्या बॉल बेअरिंगमधला घर्षणाचा गुणांक ०.००१ ते ०.००२ च्या आसपास असतो, तर कोरड्या बुशमधला (गोळे नसलेल्या साध्या नळीतला) ०.१५ च्या पुढं. म्हणजे शंभरपटींचा फरक. हा फरक ग्रीस, स्वच्छता आणि योग्य भार या तिन्हींवर टिकून असतो.

बेल्ट काढून शाफ्ट हातानं फिरवा. तो शांतपणे फिरला पाहिजे आणि थांबताना हळूहळू थांबला पाहिजे. खरखर जाणवली, जागोजाग अडल्यासारखं वाटलं, किंवा शाफ्ट वर-खाली हलला, तर बेअरिंग संपलंय. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा असतो. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांना ५ नं गुणलं की आतला व्यास मिळतो, ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर, ६२०६ म्हणजे ३०. जुन्या बेअरिंगवरचा आकडा पुसला गेला असेल तर शाफ्ट मोजून बाजारात जा. धुळीच्या जागी दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग घ्या. नुसतं लोखंडी झाकण असलेलं धुळीला पूर्ण अडवत नाही.

ग्रीसच्या बाबतीत जास्त देणं हीच मोठी चूक आहे. घराच्या मोकळ्या जागेचा एकतृतीयांश ते अर्धा भाग भरला की पुरे. ठासून भरलं तर गोळ्यांना ग्रीस घुसळत फिरावं लागतं, ते तापतं, पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं आणि ते बेल्टवर गेलं की स्लिप मारणं पुन्हा सुरू. ६२०६ बेअरिंगला एका वेळी साधारण ५ ग्रॅम पुरतं. हातानं दाबायच्या ग्रीस गनचा एक दाब किती ग्रॅमचा आहे, ते एकदा किराणा काट्यावर मोजून गनवर खडूनं लिहून ठेवा. लिथियम बेसचं दोन नंबरचं ग्रीस नेहमीच्या कामाला चालतं. दोन वेगवेगळ्या प्रकारचं ग्रीस एकत्र करू नका. ग्रीस भरायचं निप्पल फडक्यानं पुसल्याशिवाय गन लावू नका, नाहीतर धूळच आत ढकलली जाते.

तापमानाबाबत एक गोष्ट मराठवाड्यात वेगळी धरावी लागते. मे महिन्यात नांदेड-परभणीत हवाच ४२-४३ अंशांवर असते. त्यात तीस अंश वाढ झाली की बेअरिंग ७२-७३ वर जाईल. हिवाळ्यात तेच बेअरिंग ५५ वर असेल. म्हणून हवेपेक्षा किती वाढलं ते बघा. तीस-चाळीस अंशांची वाढ सामान्य आहे. त्याहून जास्त वाढली तर थांबा. हात दोन-तीन सेकंदही ठेवता येत नसेल, तर ते ६० अंशांच्या वर आहे असं समजा.

आणखी एक छोटी गोष्ट: पुली बेअरिंगच्या जितकी जवळ बसवता येईल तितकी बसवा. शाफ्टच्या टोकाला लांब लटकवलेल्या पुलीमुळं बेअरिंगवरचा भार वाढतो आणि शाफ्ट वाकतो.

व्होल्टेज डिम असताना

संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरतं, आणि तेव्हा बेल्ट स्लिप मारतोय असं वाटतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट मिळाले, तर जोर साधारण दोनतृतीयांश राहतो. मोटार हळू पडते, गरम होते आणि गिरणी दम घेतल्यासारखी चालते. अशा वेळी बेल्ट आवळून काहीही होणार नाही. दाणे कमी सोडा, नाहीतर काम सकाळवर ढकला. यंत्र नेहमी रिकामं सुरू करा, वेग आला की मगच माल टाका.

स्लिप मोजायची कशी

टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, असेल तर उत्तम. आधी पुल्यांच्या व्यासावरून फेरे काढा, मग प्रत्यक्ष मोजा. एक-दोन टक्के फरक चालतो, कारण बेल्ट ताणला जाऊन थोडा सरकतोच. पाच टक्क्यांवर गेला तर दोष शोधा. टॅकोमीटर नसेल तर बेल्ट चालू असताना काही करू नका. यंत्र थांबवून, वीज तोडून, वर सांगितल्याप्रमाणं पुली आणि शाफ्ट यांना हात लावून कोण जास्त गरम आहे ते बघा. यातून टक्के कळत नाहीत, पण सटकतोय की नाही एवढं कळतं.

हडंब्याच्या बाबतीत स्लिपचा फटका पंख्यावर आधी बसतो. पंखा दहा टक्के हळू फिरला, तर हवेचा दाब सुमारे १९ टक्के घटतो. भुसा उडत नाही, दाण्यात येतो, आणि मळणी करणारा चाळणी बदलत बसतो. उलट बियाण्याचं सोयाबीन मळताना ड्रम मुद्दाम हळू चालवावा लागतो, कारण दाणा फुटला की उगवण जाते. अशा वेळी वेग पुलीनं कमी करा, बेल्ट सैल सोडून करू नका. सैल बेल्ट भारानुसार कधी पकडतो, कधी सटकतो, आणि ड्रमचा वेग खालीवर होत राहतो.

घर्षणाचाच उपयोग करून चालणारी यंत्रंही आपल्याकडं आहेत. जिनिंगमधल्या डबल रोलर यंत्रात कापसाचे धागे रोलरच्या चामड्याला चिकटतात, स्थिर सुरीखालून ओढले जातात आणि सरकी मागं राहते. डाळ मिलमध्ये एमरीचा खडबडीत रोलर तुरीचं साल घासून काढतो. चामडं गुळगुळीत झालं किंवा एमरीचे दाणे बोथट झाले की उत्पादन घटतं. तिथं दाब वाढवण्याआधी पृष्ठभाग पुन्हा खडबडीत करून घेतात. बेल्टच्या बाबतीत झिजलेली खाच आधी दुरुस्त करायची म्हणतो, ते याच न्यायानं.

सुगी संपल्यावर

यंत्र घरी आलं, की बेल्ट काढून ठेवा. वर्षभर ताणलेला बेल्ट एकाच जागी वाकून तसाच आकार धरतो. तो खिळ्याला लटकवू नका, रुंद लाकडी खुंटीवर गोल करून ठेवा, घडी घालू नका. उन्हापासून, खतांच्या पोत्यांपासून आणि चालू मोटारींपासून दूर ठेवा, आणि उंदरांपासूनही सांभाळा, कारण त्यांना रबर आवडतं. पुलीच्या खाचा पुसून कोरड्या ठेवा, त्यांना तेल लावू नका. गंज चढला तर पुढच्या हंगामात तो बेल्ट खाईल, तेव्हा कोरड्या जागीच यंत्र ठेवा. बेअरिंगना थोडं ग्रीस द्या आणि महिन्यातून एकदा शाफ्ट हातानं दोन-चार फेरे फिरवा, म्हणजे गोळे एकाच जागी बसून खाचा पाडत नाहीत.